लाखेची मोहर

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात घरफोडी झाली आणि सकाळी दहाच्या सुमारास आलेल्या हवालदारांनी जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा दोघांना पंच म्हणून थोडा वेळ थांबण्याची विनंती केली. तो थोडा वेळ चार तासांचा झाला. ठसेतज्ज्ञ आले, त्यांनी कपाटाच्या दारावर, तुटलेल्या कडीवर आणि खिडकीच्या काचेवर मऊ कुंचल्याने काळी पूड फिरवली, उमटलेल्या खुणांपैकी पुष्कळशा पुसट, कित्येक एकमेकींवर चढलेल्या आणि काही बहुधा घरच्याच माणसांच्या आहेत असे शांतपणे सांगून, जे दोन-तीन ठसे उपयोगी पडण्याजोगे वाटले तेवढे त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून घेतले. गच्चीच्या जिन्यात टाकून दिलेली कटावणी तपकिरी कागदात गुंडाळली गेली, तिच्यावर दोरा आवळला गेला, दोऱ्याच्या गाठीवर लाख वितळवून मोहर उमटवण्यात आली आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आम्हा दोघा पंचांच्या सह्या घेण्यात आल्या. हे सारे चालू असता त्या घरच्या वहिनींनी मोठ्या आशेने विचारले, “साहेब, ठसे मिळाले ना? मग कॉम्प्युटरमध्ये टाकले की संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो येईल ना?” ठसेतज्ज्ञ म्हणाले, “ताई, त्याचे ठसे आधी आमच्या दफ्तरात असायला हवेत. आणि असले तरी शेवटी ते डोळ्यांनीच ताडून पाहावे लागतात.” वहिनींच्या चेहऱ्यावरची निराशा मला अजून आठवते. चोरी झाल्याचे दुःख त्यांनी सकाळीच गिळले होते; ही निराशा निराळी होती, विज्ञानाने आपल्याला ऐनवेळी दगा दिला अशी ती होती.

वहिनींचा प्रश्न अज्ञानातून आला नव्हता, शिकवणुकीतून आला होता. १९९८ साली सोनी वाहिनीवर सुरू झालेली आणि २०१८ पर्यंत अखंड चाललेली ‘सीआयडी’ ही मालिका ज्या घरांतून पाहिली गेली, त्या घरांतील एक सबंध पिढी एसीपी प्रद्युम्न, अभिजीत, दया आणि प्रयोगशाळेतील डॉ. साळुंखे यांच्या सहवासात वाढली. शिवाजी साटम यांच्यासारखा आपला माणूस त्या पथकाचा प्रमुख, मुंबई ही तपासाची भूमी, आणि गुन्हा कितीही गूढ असला तरी त्याचा उलगडा प्रयोगशाळेतील एका फेरीत व्हायचाच, ही या मालिकेची घडी होती. मृत्यूची वेळ घटकाभरात ठरे, रक्ताच्या थेंबाचा धनी लगोलग सापडे, आणि यंत्राच्या पडद्यावर चेहऱ्यांमागून चेहरे सरकत जाऊन अखेर एकावर थांबत. मनोरंजनाच्या उद्देशाने दाखवलेली ही दृश्ये आठवड्यामागून आठवडे, वर्षांमागून वर्षे पाहिली गेली, की त्यांतून मनावर जो संस्कार होतो तो पाठ्यपुस्तकाच्या संस्काराहून दुर्बल असेल असे मानण्याचे काही कारण नाही. म्हणूनच गुन्हेकथांच्या मालिकांतील तंत्रज्ञान खरे असते की खोटे, हा प्रश्न मला रसिकांच्या चर्चेपुरता वाटत नाही. त्याचा संबंध न्यायाशी आहे.

प्रथम लेखकाच्या स्वातंत्र्याचा मान राखून एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. गुन्हेकथेने विज्ञानाच्या पुढे धाव घेणे हा काही अपराध नव्हे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ साली शेरलॉक होम्सला वाचकांसमोर प्रथम आणले, तेव्हा तो प्रयोगशाळेत, रक्त ओळखणारे नवे द्रव्य हाती लागल्याच्या आनंदात होता. माणसाचे रक्त जनावराच्या रक्ताहून निश्चितपणे वेगळे ओळखण्याची पद्धत मात्र जर्मनीतील पाउल उलेनहुट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केली. गुन्हेगार घटनास्थळी काहीतरी ठेवून जातो आणि तेथून काहीतरी घेऊन जातो, हे तत्त्व ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या एदमों लोकार यांनी १९१० साली फ्रान्समधील ल्यों शहरी पोलिसांची प्रयोगशाळा उभारली, आणि होम्सच्या कथांचे आपल्यावरील ऋण त्यांनी कधी लपवले नाही. कल्पनेने शास्त्राला वाट दाखवावी, शास्त्राने कल्पनेला बळ द्यावे, असा हा देवघेवीचा व्यवहार आहे. तेव्हा माझी तक्रार कल्पनेविरुद्ध नाही. जे अनिश्चित आहे त्याला निश्चिततेचा वेष चढवून ते घरोघर पोहोचवण्याविरुद्ध आहे.

अमेरिकेत या संस्काराची चर्चा फार गंभीरपणे झाली आहे. सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झालेल्या आणि पंधरा वर्षे चाललेल्या ‘सीएसआय’ या मालिकेने लास व्हेगासमधील गुन्हा-अन्वेषकांना जगभर प्रसिद्ध केले. लवकरच तेथील सरकारी वकील म्हणू लागले की, ही मालिका पाहणारे ज्यूरर प्रत्येक खटल्यात प्रयोगशाळेचा पुरावा मागतात आणि तो न मिळाल्यास आरोपीस सोडून देतात. मिशिगन राज्यातील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६ साली ज्यूरीसाठी बोलावलेल्या सुमारे एक हजार नागरिकांची पाहणी केली, तेव्हा ४६ टक्क्यांनी प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही वैज्ञानिक पुरावा असावा अशी अपेक्षा सांगितली, तर प्रत्येक खटल्यात डीएनएचा पुरावा मिळावा असे म्हणणारे २२ टक्के निघाले. मालिका पाहणाऱ्यांचा कौल प्रत्यक्षात न पाहणाऱ्यांहून फारसा वेगळा पडतो असे मात्र त्यांना आढळले नाही. म्हणजे मालिकेमुळे निवाडेच बिघडले असे म्हणणे घाईचे होईल; परंतु सामान्य नागरिकाच्या मनातील पुराव्याची कल्पना बदलली आहे, एवढे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

आपल्याकडे ज्यूरी उरलेली नाही. १९५९ साली मुंबईत गाजलेल्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला, आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान राहिले नाही. म्हणून हा संस्कार आपल्या न्यायदानापर्यंत पोहोचत नाही, असे कोणी समजू नये. फिर्याद देणारा आपल्यातलाच असतो, पंच आपल्यातलेच असतात, साक्षीदार आपल्यातलेच असतात. आणि एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर दुसऱ्याच दिवशी ‘पोलिसांनी काय केले’ म्हणून चौकात जमणारा, तिसऱ्या दिवशी संशयितालाच गुन्हेगार मानून मोकळा होणारा जनसमुदायही आपलाच असतो. तपासाला वेळ का लागतो, प्रयोगशाळा ‘सांगता येत नाही’ असे उत्तर कधी आणि का देते, हे ज्यास कोणी दाखवलेच नाही, तो विलंबाला लाचखोरी समजतो आणि प्रामाणिक संशयाला नाकर्तेपणा.

ठशांचेच उदाहरण घेऊ. हे शास्त्र परदेशातून आयते आले असा आपला समज असतो. पण अंगुलिमुद्रांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झाले, आणि एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जी वर्गीकरणाची पद्धत पुढे जगभर रूढ झाली तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांचे श्रम होते. आज लाखो ठशांचा संग्रह यंत्रात साठवता येतो आणि पूर्वी ज्या शोधाला महिने लागत तो मिनिटांत होतो, हे खरेच. परंतु यंत्र जे देते ती साधर्म्य असलेल्या ठशांची यादी असते, आणि त्या यादीतील ठसा व घटनास्थळावरचा ठसा यांची रुजवात शेवटी तज्ज्ञालाच भिंग घेऊन करावी लागते. ही रुजवात चुकूही शकते. मार्च २००४ मध्ये माद्रिद येथे आगगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन एकशे नव्वदाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील ओरेगन राज्यातील एका वकिलाचाच आहे असा निर्वाळा एफबीआयच्या तज्ज्ञांनी दिला. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही त्यास दुजोरा दिला. तो निरपराध मनुष्य दोन आठवडे अटकेत राहिला आणि अखेर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन इसमाचा असल्याचे दाखवून दिल्यावर सुटला. चार जाणकार माणसांची एकाच ठशावर एकच चूक होऊ शकते, हे ज्या प्रेक्षकाला ठाऊक असेल तो हिरव्या अक्षरांत झळकणाऱ्या ‘जुळले’ या शब्दाकडे निराळ्या नजरेने पाहील.

चित्र मोठे करून पाहण्याचा चमत्कार तर या मालिकांचा कुलाचारच होऊन बसला आहे. रस्त्यावरील कॅमेऱ्याचे अंधुक चित्र पडद्यावर येते, अधिकारी ‘आणखी मोठे करा’ म्हणतो, आणि पाहता पाहता दूरच्या मोटारीचा क्रमांक किंवा एखाद्याच्या डोळ्यांतील प्रतिबिंब स्वच्छ दिसू लागते. वस्तुतः कॅमेऱ्याने टिपलेले चित्र म्हणजे ठरावीक संख्येच्या रंगबिंदूंची जाळी असते. मोटारीच्या क्रमांकाची पाटी त्या जाळीतील आठ-दहा बिंदूंतच सामावली असेल, तर ते बिंदू भिंतीएवढे केले तरी त्यांतून अक्षर निघणार नाही, कारण ते अक्षर मुळात टिपलेच गेलेले नसते. प्रकाश कमी-अधिक करणे, थरथर काढून टाकणे, अनेक चौकटींतील माहिती एकत्र करणे एवढे तज्ज्ञाला साधते आणि तेवढ्यानेही कधी कधी मोठे काम होते. पण जे नोंदलेच नाही ते परत आणण्याची विद्या कोणालाही अवगत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने ही विद्या साधली असे ज्यांस वाटते त्यांनी २०२० मधील एक प्रसंग ध्यानात ठेवावा: अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशाच एका साधनाला बराक ओबामा यांचे बिंदूबिंदूंचे अस्पष्ट छायाचित्र दिले गेले, तेव्हा त्याने मोठ्या सफाईने एका गौरवर्णीय पुरुषाचा चेहरा काढून दिला. ते साधन हरवलेला चेहरा शोधत नव्हते, शोभेल असा चेहरा रचत होते. म्हणूनच २०२४ साली वॉशिंग्टन राज्यातील एका न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘सुधारलेली’ चित्रफीत पुराव्यात घेण्यास नकार दिला. ही रचना उद्या आपल्याकडील एखाद्या निरपराध तरुणाच्या चेहऱ्यासारखी निघाली तर काय होईल, याचा विचार करताना मन खरोखर अस्वस्थ होते.

दूरध्वनीच्या बाबतीत तर मालिका एकाच वेळी काळाच्या मागेही आहेत आणि पुढेही आहेत. खंडणीखोराला बोलण्यात गुंतवून ठेवा, आणखी काही क्षण मिळाले की ठिकाण सापडेल, हे दृश्य ज्या काळाचे आहे त्या काळी दूरध्वनी-केंद्रात यांत्रिक खटके असत आणि कर्मचाऱ्याला एका खटक्यापासून दुसऱ्यापर्यंत वाट काढीत मूळ तार शोधावी लागे. केंद्रे संगणकीय झाल्यापासून कोणी कोणास, केव्हा आणि किती वेळ संभाषण केले याची नोंद आपोआप होते. ती मिळवण्यास लागणारा वेळ यंत्राचा नसतो, परवानगीचा आणि पत्रव्यवहाराचा असतो. उलट ‘टॉवर लोकेशन’ म्हणजे नकाशावर लुकलुकणारा लाल ठिपका आणि त्या ठिपक्याखाली उभा असलेला आरोपी, ही समजूत वास्तवाच्या फार पुढे गेलेली आहे. मोबाइल कोणत्या मनोऱ्याशी जोडला गेला होता एवढेच ती नोंद सांगते. दाट वस्तीच्या शहरात त्या मनोऱ्याचा टापू काही गल्ल्यांपुरता असेल. खेड्यापाड्यांत तो कैक किलोमीटरांचा असतो, आणि गर्दी, डोंगर किंवा हवामान यांमुळे जवळचा मनोरा सोडून दूरच्याशी जोडणी होणेही नवलाचे नाही. डेन्मार्कसारख्या सुव्यवस्थित देशात २०१९ साली असे उघडकीस आले की, दूरध्वनी कंपन्यांकडून आलेल्या नोंदींचे रूपांतर करताना पोलिसांच्या संगणकप्रणालीत काही माहिती गळत होती आणि काही फोन चुकीच्या मनोऱ्यांशी जोडले जात होते. तेथील शासनाने दोन महिने अशा पुराव्याचा वापर थांबवला, सुमारे १०,७०० निकालांची फेरतपासणी सुरू केली आणि ३२ कच्च्या कैद्यांना मुक्त केले. आपली चूक एवढ्या उघडपणे कबूल करून थांबणे यात जो मोठेपणा आहे, तो एखाद्या मालिकेच्या भागाचा विषय झाला तर प्रेक्षक त्यातही रंगून जातील अशी माझी खात्री आहे.

आता डीएनएकडे वळू, कारण या तीन अक्षरांभोवती जवळजवळ दैवी वलय निर्माण झाले आहे. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली लेस्टर विद्यापीठात या परीक्षणाचा शोध लावला आणि लौकरच लेस्टरशायरमधील दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या तपासात त्याचा प्रथम उपयोग झाला. त्या परीक्षणाने केलेले पहिले काम कोणते, तर एका खुनाची कबुली देऊन बसलेल्या तरुणास निर्दोष ठरवणे. पुढे पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांच्या रक्ताचे नमुने घेतले, तरी अपराधी सापडला नाही. तो सापडला याचे कारण, त्याच्या नावाने आपणच रक्त दिल्याचे त्याचा एक सहकारी मद्यगृहात बोलून गेला आणि ते ऐकणाऱ्या एका स्त्रीने पोलिसांना कळवले. शास्त्राने मार्ग दाखवला, पण दार एका जागरूक बाईच्या साक्षीने उघडले. याउलट जर्मनीतील हकिगत पाहा. तेथे आणि शेजारच्या देशांत सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात स्त्रीचे डीएनए सापडत गेले. हायलब्रॉन येथे २००७ मध्ये झालेल्या एका पोलीस स्त्रीच्या खुनानंतर त्या ‘अदृश्य स्त्री’च्या शोधासाठी तीन लाख युरोंचे बक्षीस लावण्यापर्यंत मजल गेली. २००९ मध्ये उलगडा झाला तो असा की, नमुना टिपण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्यांवरच, त्या तयार करताना, कारखान्यातील एका कामगार स्त्रीचे डीएनए लागले होते. काड्या निर्जंतुक होत्या; परंतु निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए नष्ट होत नाही. प्रयोगशाळेने कोठेही खोटे सांगितले नव्हते. काडीवर जे होते तेच तिने सांगितले. ते तेथे आले कसे, हा प्रश्न मात्र दोन वर्षे कोणी पुरेसा विचारला नाही.

या सर्वांहून गंभीर प्रसंग आपल्या महाराष्ट्रातच घडून गेला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषसिद्धीचा निकाल देताना, आरोपीच्या मेंदूतील विद्युत्‌तरंगांच्या आलेखावर आधारलेल्या चाचणीचा आधार घेतला, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याविषयी चिंता व्यक्त केली. मेंदूत डोकावून ‘याला गुन्ह्याचा अनुभव आहे’ असे सांगणारे यंत्र पडद्यावर शोभून दिसते. प्रत्यक्षात माणसाला एखादी गोष्ट स्वतः केल्याची आठवण आहे की तिच्याविषयी वारंवार ऐकल्याची, हे अशा आलेखावरून सांगण्याचे शास्त्र सिद्ध झालेले नव्हते. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची आलेखचाचणी संमतीवाचून करता येणार नाही, कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही या घटनादत्त संरक्षणाचा तो भंग होईल, असा निर्णय दिला. इतक्या स्पष्ट निर्णयानंतरही एखादे प्रकरण गाजू लागले की ‘याची नार्को करा’ ही मागणी कट्ट्यावर, पारावर आणि वृत्तवाहिन्यांवर ज्या सहजतेने होते, त्या सहजतेच्या मुळाशी आपण वर्षानुवर्षे पाहिलेली दृश्ये आहेत, असे मला वाटते.

मात्र यंत्राच्या सामर्थ्याची ही अतिशयोक्ती म्हणजे या मालिकांचा सर्वांत मोठा दोष नव्हे. सर्वांत मोठा दोष त्या जे गाळतात त्यात आहे. पुरावा सापडणे आणि पुरावा न्यायालयात टिकणे, यांच्यामध्ये एक लांब, कंटाळवाणी वाटणारी परंतु अत्यंत महत्त्वाची वाट आहे: घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती, मोहर, चिठ्ठीवरील सह्या, मुद्देमालाच्या नोंदवहीतील क्रमांक, मुद्देमाल कारकुनाचा ताबा, तो घेऊन प्रयोगशाळेत जाणाऱ्या शिपायाच्या हातचे पत्र, मुंबईत कलिन्याच्या किंवा पुणे, नागपूर, नाशिक अशा एखाद्या विभागीय प्रयोगशाळेची पोच, तेथील टेबलावर आधीच रांगेत असलेल्या प्रकरणांची गर्दी, आणि अखेर ज्यास कोर्टाच्या आवारात सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात तो रासायनिक विश्लेषकांचा अहवाल. या साखळीतील एक कडी निखळली की उत्तम प्रयोगशाळेचा उत्तम निष्कर्षही निरुपयोगी होतो, कारण ज्या वस्तूची परीक्षा झाली ती घटनास्थळावरचीच वस्तू होती, हे मग कोणालाच शपथेवर सांगता येत नाही. पडद्यावर मात्र अधिकारी हातरुमालाने पिस्तूल उचलतो, खिशात घालतो आणि थेट प्रयोगशाळेत जाऊन टेबलावर ठेवतो.

संगणकीय पुराव्याचीही हीच गोष्ट आहे. आपल्या जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की मुदतीनंतर, हा वाद. आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतील कॅमेऱ्याचे चित्रण हा पुरावा. चित्रण शासनाच्याच कॅमेऱ्याचे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवण्यास काय हरकत, असे सामान्य माणसास वाटेल. पण मूळ उपकरणाऐवजी त्याची प्रत हजर करावयाची असेल तर कायद्याने सांगितलेला दाखला तिच्यासोबत असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात ठरवून दिले. आज लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमातील दाखल्यात तर पुराव्याच्या फाइलचे ‘हॅश मूल्य’ही नोंदावे लागते. हे मूल्य म्हणजे त्या फाइलमधील प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेली एक संख्या. फाइलमध्ये एका बिंदूचा जरी फरक झाला तरी ती संख्या समूळ बदलते. लाखेच्या मोहरेने कटावणीसाठी जे काम केले, तेच काम ही संख्या चित्रफितीसाठी करते. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

हे समाजाला समजणे आज विशेष निकडीचे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे बंधन घातले आहे आणि राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरणही आता कायद्याने आवश्यक ठरले आहे. म्हणजे यापुढे लहान गावांतील घटनास्थळीही तज्ज्ञांची गाडी येईल, पंच म्हणून कोणा शेतकऱ्याला, कोणा शिक्षिकेला उभे राहावे लागेल, आणि ‘हात लावू नका, आत येऊ नका’ या सूचनेचा अर्थ जमलेल्या गावकऱ्यांना कळावा लागेल. घटनास्थळ तुडवले जाण्यापूर्वी वाचवायचे असेल तर हे शिक्षण आधीच झालेले असले पाहिजे, आणि ते घरोघर पोहोचवण्याची शक्ती गुन्हेकथांच्या मालिकांइतकी दुसऱ्या कशात क्वचितच असेल.

यावर निर्मात्यांचे उत्तर ठरलेले असते: पंचनामा दाखवला तर कोण बघेल? या उत्तरावर माझा विश्वास नाही, आणि त्यास आधार आहे. वार्ताहर म्हणून काम केलेले डेव्हिड सायमन आणि पोलीस खात्यात अनेक वर्षे घालवलेले एड बर्न्स यांनी बाल्टिमोर शहरावर रचलेली ‘द वायर’ ही मालिका २००२ ते २००८ या काळात चालली. एका दूरध्वनीवर पाळत ठेवण्याची परवानगी मिळवण्यासाठी आधी इतर सर्व मार्ग थकल्याचे न्यायाधीशांपुढे कसे सिद्ध करावे लागते, सार्वजनिक फोनवर नेमका संशयितच बोलत आहे हे पाहण्यास छपरावर एक माणूस कसा बसवावा लागतो, गुन्ह्याशी संबंध नसलेले संभाषण सुरू झाल्यास ऐकणे कसे थांबवावे लागते, हे सारे तिने सविस्तर दाखवले. आणि या अडथळ्यांतूनच तिची उत्कंठा निर्माण झाली. दूर कशाला, ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग यांनीच मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेतून प्रत्यक्ष पोलीस तपासांवर आधारलेल्या कथा सांगितल्या होत्या, आणि त्या पाहिलेली माणसे आजही त्यांचे नाव आदराने काढतात. आपला प्रेक्षक उतावीळ आहे हे गृहीतच मुळात प्रेक्षकाचा अपमान करणारे आहे.

म्हणून लेखक-दिग्दर्शकांना माझी कळकळीची विनंती एवढीच आहे. आपल्या कथेतील तज्ज्ञाला कधीतरी ‘सांगता येत नाही’ असे म्हणू द्या. अहवालाची वाट पाहताना तपासी अंमलदाराच्या मनाची जी घालमेल होते ती दाखवा. त्याच काळात आरोपीच्या आईची आणि फिर्यादीच्या घरच्यांचीही होते, आणि तीन घरांतील ती एकच प्रतीक्षा कोणत्याही पाठलागाहून हृदयाला अधिक भिडेल. यंत्राने नाव सांगितल्यावर ‘हे खरे कशावरून’ असा प्रश्न विचारणारा एक अधिकारी, एक वकील किंवा एक सामान्य पंच कथेत असू द्या. विज्ञानाचा खरा गौरव त्याच्या शंकेत आहे. आपल्या निष्कर्षाची मर्यादा जे स्वतः सांगते त्याच शास्त्रावर न्यायालयाने भिस्त ठेवावी.

आमच्या शेजारच्या घरफोडीचा आरोपी काही महिन्यांनी दुसऱ्या एका गुन्ह्यात सापडला आणि सुमारे तीन वर्षांनी मला साक्षीचे समन्स आले. न्यायालयात उभा राहिलो तेव्हा त्या सकाळचे पुष्कळसे मी विसरून गेलो होतो. हवालदारांचा चेहराही धड आठवत नव्हता. शिरस्तेदारांनी तपकिरी कागदाचे ते पुडके पुढे ठेवले, दोरा जुना झाला होता, लाखेचा रंग काळवंडला होता, पण मोहर अभंग होती. चिठ्ठीवर माझी सही होती आणि तिच्याखाली माझ्याच हाताने घातलेली तारीख. “ही सही आपलीच का?” असे विचारले गेले, आणि मी ‘होय’ म्हटल्यावर न्यायाधीशांच्या समोर ती मोहर फोडण्यात आली. आतली कटावणी पाहण्याआधी सर्वांनी मोहरेकडे पाहिले होते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. बचावाच्या वकिलांनी मला पाऊण तास उलटसुलट प्रश्न विचारले, आणि बाहेर पडताना मला त्यांचा राग आला नाही. कारण मी चुकत तर नाही ना, हे विचारण्यासाठीच ते तेथे उभे होते.